सोडणारा हात

फ्लाय कास्टिंग या मासेमारीच्या प्रकारात खऱ्या अर्थाने फेकला जातो तो दोर, आमिष नव्हे. आणि ही एक गोष्ट नीट समजल्याखेरीज डबल हॉल या तंत्राचा विचार सुरूच करता येत नाही. पूर्णेच्या डोहात गळ टाकणारा माणूस दोरीला शिशाचा तुकडा किंवा खडा बांधतो, त्या वजनाला फेकतो आणि दोरी वजनामागोमाग जाते. फ्लाय कास्टिंगमधले आमिष म्हणजे आकड्यावर पिसे व दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला 'फ्लाय' म्हणतात आणि त्याला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून वजन दोरातच ठेवावे लागते. पाच क्रमांकाच्या दोराच्या पहिल्या ३० फुटांचे प्रमाण वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम असते, आणि एवढ्याच भाराने नऊ फुटी छडी वाकवायची, दोर आधी मागे हवेत उलगडू द्यायचा आणि तो सरळ होत आला की पुढे न्यायचा, असा हा क्रम आहे.

छडी एका हातात असते आणि दुसऱ्या हातात दोर असतो. छडीची गती शिगेला पोहोचून ती थांबायच्या बेतात असते, नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या हाताने दोर झपकन खाली ओढला, तर छडीच्या टोकाच्या वेगात त्या ओढीचा वेग मिळतो आणि दोर अधिक जोराने सुटतो. या ओढीला हॉल म्हणतात, आणि मागच्या व पुढच्या अशा दोन्ही फेकींत ती साधली की तो डबल हॉल होतो. या तंत्राचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील ऑरेगनच्या मार्विन हेज यांना दिले जाते, ज्यांनी १९३४ साली सेंट लुईस येथील स्पर्धेत १४७ फूट दोर फेकून आधीचा विक्रम बराच मागे टाकला. पुढे जोन वुल्फ यांनी १९६० साली १६१ फुटांची फेक केली. त्या नृत्यही शिकवीत असत ही नोंद येथे महत्त्वाची आहे, कारण इतक्या लांबच्या फेकीमागे दंडाच्या बळापेक्षा अंगातल्या तालाचा वाटा मोठा असतो.

नवशिक्याची अडचण ताकदीची नसतेच. ओढायला कोणालाही येते. अवघड असते ते ओढल्यानंतरचे काम. दोर मागे उलगडत असताना छडीचा हात स्थिर असतो, आणि त्याच वेळी खाली गेलेल्या हाताने दोर हलकेच वर, छडीच्या पहिल्या कडीजवळ, परत नेऊन द्यावा लागतो, जेणेकरून पुढच्या ओढीसाठी हाताला जागा मिळेल आणि मध्ये कोठेही ढील राहणार नाही. बहुतेक शिकणाऱ्यांचा हात ओढून झाला की मांडीजवळच अडकून राहतो, आणि मग पुढच्या फेकीला ओढायला काही शिल्लकच उरत नाही. एक हात थांबला की दुसराही थांबतो आणि एक चालला की दुसराही चालू पाहतो, हा मानवी शरीराचा स्वभावच आहे. स्कॉट केल्सो यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तो स्पष्ट दिसतो. दोन्ही तर्जन्या मोटारीच्या वायपरसारख्या एकाच दिशेने डोलवीत वेग वाढवत नेला, तर एका टप्प्यावर त्या आपोआप आरशातल्यासारख्या समोरासमोर हलू लागतात, आणि इच्छा असूनही आधीची चाल टिकत नाही. वाचकाने हे पान बाजूला ठेवून करून पाहावे. पटायला एक मिनिटही लागत नाही.

या खेळाची परंपरा वऱ्हाडात नाही, आणि अमरावती-अकोल्याच्या मुलखात तिची उणीव कोणाला जाणवलेलीही नाही. परंतु एका हाताने एक आणि दुसऱ्या हाताने भलतेच काम करण्याची, आणि त्यातही वेळेवर सोडून देण्याची विद्या या मुलखाला परकी नाही. तिचे सर्वांत जवळचे उदाहरण नदीवर नसून कापसाच्या घरात आहे. चरख्यावर सूत काढणाऱ्याचा उजवा हात चाक फिरवतो आणि डावा हात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची हलकी वळकटी, चातीच्या टोकापासून मागे मागे नेत जातो. हात घाईने मागे गेला तर धागा तुटतो आणि रेंगाळला तर धाग्याला फाजील पीळ बसून गाठी पडतात. हे झाले ओढण्याचे काम, आणि ते चार दिवसांत जमू लागते. खरी परीक्षा पुढे आहे: हात पूर्ण लांब गेला की चाक किंचित उलटे फिरवून चातीच्या टोकावरचे वेढे सोडायचे, मग चाक पुन्हा सुलटे फिरवीत तयार झालेले सूत चातीवर गुंडाळू द्यायचे, आणि त्या वेळी डावा हात सुताचा ताण न सोडता, पण सुताला न अडवता, चातीकडे परत आणायचा. हात लवकर आला तर सूत ढिले पडून स्वतःवरच पीळ खाते, आणि तो अडून राहिला तर ते तटकन तुटते. डबल हॉलमध्ये दोर परत देणाऱ्या हाताची नेमकी हीच कसोटी असते. फरक एवढाच की तिथे तिला सेकंदाचाही अवधी मिळत नाही.

नदीवरचे उदाहरणही आहेच. फेकजाळे, म्हणजे कडेला शिशाचे मणी ओवलेले गोल जाळे, टाकणारा भोई जाळ्याची दोरी मनगटाला बांधतो, जाळ्याचा एक भाग कोपरावर घेतो, दुसरा हातात धरतो, कडेचा एक मणी अनेकदा दातांत पकडतो आणि कमरेतून वळून झोका घेतो. जाळे गोल पडते ते फेकण्याच्या जोरामुळे नव्हे, तर हात, कोपर आणि दात यांनी त्याला एकामागून एक सोडल्यामुळे, आणि हे सगळे एकदम सुटले तर जाळे बोचक्यासारखे पाण्यात पडते. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावरून पाखरे हाकणारी गोफणही याच कुळातली होय. तिच्या दोन दोऱ्यांपैकी एक बोटात अडकलेली राहते आणि दुसरी सुटते, आणि दगड कोठे जाणार हे ती कोणत्या क्षणी सुटली यावर ठरते. गुरुकुंज मोझरीच्या भजनांतली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरीसुद्धा, एका हाताने धरलेली आणि दुसऱ्याने बोलती केलेली, दोन हातांच्या वेगळ्या कामांचीच साक्ष देते. मात्र तिथे सोडण्यापेक्षा धरण्याचा भाग अधिक आहे.

मराठीत या प्रकारच्या ज्ञानाला एक नेमका शब्दप्रयोग आहे, तो म्हणजे 'हात बसणे'. ज्ञान डोक्यात उतरते असे आपण म्हणतो, परंतु कसब हातात बसते, आणि ते बसल्यावर ते कसे करतो हे सांगणे करणाऱ्यालाच जड जाते. मायकेल पोलान्यी या विचारवंताने अशा न सांगता येणाऱ्या ज्ञानाला 'अव्यक्त' म्हटले आणि त्यावर आयुष्याचा मोठा काळ खर्च केला. मॉस्कोचे निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२०च्या दशकात लोहारांच्या घणाचे घाव बारकाईने नोंदवले, तेव्हा तरबेज लोहाराच्या खांद्याची, कोपराची आणि मनगटाची चाल दर वेळी थोडी वेगळी असते आणि घण मात्र त्याच जागी पडतो, असे दिसून आले. यावरून असे म्हणता येते की सराव म्हणजे एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे नव्हे, तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवणे होय. डबल हॉलमध्ये वारा दर क्षणी बदलतो, दोराची लांबी बदलते आणि छडी किती वाकली हेही बदलते, म्हणून मोजून ठरवलेली ओढ तेथे उपयोगी पडत नाही.

तरीही शिकवणाऱ्याला मोजमापाशिवाय गत्यंतर नसते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात, ज्याची स्थापना १९१४ साली झाली आणि ज्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली, किंवा कोणत्याही शाळेच्या पटांगणावर लेझीम शिकवताना प्रत्येक हालचालीला अंक दिला जातो, आणि त्या अंकांच्या आधारानेच शेकडो हात एका तालात येतात. डबल हॉलचे शिक्षणही असेच तुकड्यातुकड्यांनी द्यावे लागते. पाण्याची गरज त्याला सुरुवातीला मुळीच नाही. कापलेल्या गवताचे मैदान पुरते. आधी छडी न घेता दोन्ही हातांनी नुसती चाल करायची, मग छडीने फक्त मागची फेक करून दोर गवतावर पडू द्यायचा आणि तो कसा पडला हे मान वळवून पाहायचे, मग पुढची फेक तशीच वेगळी करायची, आणि शेवटी दोन्ही जोडायच्या. या पायऱ्यांमध्ये मधले थांबणे सर्वांत मोलाचे आहे, कारण थांबल्याखेरीज दुसरा हात कोठे राहिला हे शिकणाऱ्याला कळतच नाही. घाईने जोडलेली फेक दिसायला पूर्ण असते आणि तिच्यातली चूक मात्र वेगाच्या आड लपून राहते.

शिकवण्याच्या रीतीविषयी एक तक्रार येथे नोंदवलीच पाहिजे. या तंत्राचे शिक्षण पुष्कळदा ओढ किती जोराची असावी येथून सुरू होते, आणि परत देणे हा तिचा शेवट म्हणून उरकला जातो, हा क्रम उलटा आहे. चरखा शिकवणारा सूत गुंडाळण्याची चाल पहिल्याच बैठकीत दाखवतो, कारण ती न आल्यास काढलेले सूत वाया जाते. गोफण हाती देणाराही आधी सुटण्याची वेळ समजावतो. वऱ्हाडात कापूस आणि सोयाबीनने ज्वारीची जागा घेतल्यापासून गोफणीचा आवाज शिवारात फारसा येत नाही, चरखाही घराघरांतून गेला, आणि फेकजाळ्याचे कसब नदीकाठच्या थोड्या हातांत उरले आहे. त्या हातांकडे शिकवणाऱ्यांनी आवर्जून पाहायला जावे.

आणि छडी हाती घेऊन गवतावर उभे राहणाऱ्याने आपल्या फेकीची परीक्षा करायची असेल, तर दोर किती लांब गेला हे पाहू नये. मागची फेक संपताना दोराचा हात कोठे आहे एवढेच पाहावे. तो मांडीजवळ असेल तर फेक अर्धीच झाली आहे. छडीच्या पहिल्या कडीजवळ असेल तर पुढची ओढ तयार आहे.