चूक आहे, पण कोठे?

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही राजाची गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकली आहे. पटाला चौसष्टाऐवजी सदुसष्ट घरे असती, तर एकूण दाणे झाले असते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंकांच्या या संख्येवर माझा फार लोभ आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या मते हे वयाचे लक्षण!

मेर्सेन नावाच्या फ्रेंच साधूने १६४४ साली हिला मूळ संख्या म्हटले; म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी. १८७६ साली ल्युका याने ते खोटे ठरविले. मौज अशी की, हिचे भाग पडतात एवढेच त्याने सिद्ध केले. कोणत्या संख्यांनी पडतात, हे त्याला सांगता येईना. पुढे १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल उभा राहिला. सांगतात की, एक शब्दही न बोलता त्याने फळ्यावर १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले, आणि नेमकी हीच संख्या आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. या शोधात तीन वर्षांचे रविवार गेले, असे तो नंतर म्हणाल्याचे सांगतात. आज संगणक हे काम पापणी लवण्याच्या आत करतो.

मग ते रविवार फुकटच गेले का? संख्या मूळ नाही, हे तर आधीच ठरले होते. ल्युकाचे उत्तर अपुरे म्हणावे असे त्यात काय होते? तर्काने पाहिले तर काहीच नाही. तरी माझे मन कोलच्या बाजूने झुकते, आणि त्याचे कारण गणितात नाही.

माझे वडील एका पेढीवर कीर्द लिहीत. एकदा महिनाअखेर रोकड सत्तावीस रुपयांनी कमी भरली. वसुलीचे पैसे आणणारा एक पोरगा होता. मालकांना तेवढे पुरले. त्याला त्याच दिवशी काढून टाकले. चूक आहे हे सिद्ध, मग ती कोणाची हे शोधण्याचे श्रम कोण घेतो! वडील मात्र अस्वस्थ झाले. सत्तावीसला नऊने भाग जातो. दोन शेजारचे अंक उलटसुलट लिहिले गेले, तर पडणारा फरक नेहमी नऊच्या पटीतच असतो. अर्थात हा पुरावा नव्हे. चोराने सत्तावीस रुपये चोरू नयेत असा काही नियम नाही. पण संशयाचे बोट आता त्यांच्याच हाताकडे वळले होते.

तीन रविवार ते पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती आणि कीर्द घेऊन बसले. तिसऱ्या रविवारी सापडले. पावती छत्तीस रुपयांची, कीर्दीत त्रेसष्ट. अक्षर त्यांचेच.

त्यांनी मालकांना सांगितले, पगारातून रक्कम भरली. पोरगा तोवर गाव सोडून गेला होता, आणि त्याचा ठावठिकाणा पुढे कधीच लागला नाही. पुढे दरवर्षी वहीपूजनाच्या दिवशी नव्या कीर्दीत पहिली रक्कम लिहिली की वडील ती वही माझ्यापुढे सरकवीत आणि म्हणत, “वाच बघू, काय लिहिलंय मी?”