पाठीची गॅरंटी

ओळखीच्या एका गृहस्थांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधली घोड्याची स्प्रिंग मागच्या महिन्यात तुटली. शेत जंगलाला लागून म्हणून घेतलेलं हे शस्त्र वर्षभर कपाटातच असतं. स्प्रिंग एवढीशी, पण गावच्या मिस्त्रीला तिला हात लावता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. परवाना आणि पावती घेऊन ते विक्रेत्याकडे गेले, नंबर ताडून पाहिला गेला, शस्त्र कारखान्याकडे रवाना झालं. "एका स्प्रिंगपायी केवढी यातायात!" ते कुरकुरले. मला मात्र ती यातायात रास्त वाटली. जीव घेऊ शकणाऱ्या वस्तूचा प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी जबाबदारीवर असलाच पाहिजे.

त्याच आठवड्यात त्यांच्याच कपाशीवर फवारणी चालू होती. गड्याच्या पाठीवरचा पंप झाकणाशी गळत होता. वायसर झिजला होता आणि तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला होता. सदरा कमरेपर्यंत ओला. "थोडंसंक गळते जी, पन काम भागते," गडी म्हणाला. पंप घेऊन वर्षही झालं नव्हतं. गॅरंटी कार्ड मालकाच्या कपाटात, बहुधा रिव्हॉल्व्हरच्याच शेजारी. असं काही कार्ड असतं, हेच गड्याला ठाऊक नव्हतं.

हे ओलेपण किती महाग पडतं, ते आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ साली पाहिलं. त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय रुग्णालयात दाखल झाले. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा अंगावरच उतरत होता. पुढं २०२०मध्ये इथल्या काही पीडितांनी औषध कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. जबाबदारी शोधायला माणसाला एवढं लांब जावं लागतं.

कायदा अगदीच मुका नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची भरपाई उत्पादकाकडे मागता येते. खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणाराही त्यात ग्राहक ठरतो. पण दाद मागायची तर पावती हवी, आणि ती मालकाकडे. म्हणजे गड्याचा हक्क मालकाच्या सचोटीवर टांगलेला.

रिव्हॉल्व्हर बिघडलं तर मालकाला चैन पडत नाही, कारण ते त्याच्या हातात असतं. पंप मात्र दुसऱ्याच्या पाठीवर असतो. गॅरंटी वायसरची मिळते, पाठीची देत नाही कुणी. ती मालकानंच द्यायची असते.

उद्या फवारणीला माणूस लावण्याआधी पंपात साधं पाणी भरा आणि तो स्वतःच्या पाठीवर घेऊन धुऱ्यापर्यंत एक फेरी मारा. सदरा कोरडा राहिला, तरच तो पंप दुसऱ्याच्या पाठीवर द्या.