दहांचा संघ, हजारांचा संघ

बोईसरजवळच्या बेटेगावातल्या दहा मुलांनी ऑनलाइन बुद्धिबळाचा संघ काढला, असं समजू. समोर मुंबईचा हजार जणांचा संघ. सगळ्यांचे गुण मोजले, तर पहिलं प्यादं हलण्याआधीच निकाल लागला!

२०१० साली फ्रान्समधल्या एका प्रोग्रामरने सुरू केलेल्या लिचेस या विनामूल्य संकेतस्थळावर यावर तोडगा आहे. सांघिक लढतीत कितीही जण खेळोत, बेरीज होते ती प्रत्येक संघाच्या ठरावीक आघाडीच्या खेळाडूंचीच. बेटेगावचे दहा, तर मुंबईचेही दहाच.

न्याय झाला?

पुरता नाही. हजारांतून वर आलेले दहा आणि मुळातच असलेले दहा, यांत फरक उरतो. मग लहान गटाला वाढीव गुण द्यावेत? ॲरिस्टॉटल म्हणेल, वाटप योग्यतेच्या प्रमाणात हवं. आणि संख्येने कमी असणं ही काही योग्यता नव्हे. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये वेगळी कसोटी मांडली: आपल्या वाट्याला कोणती जागा येणार हे ठाऊक नसताना नियम ठरवा. बेटेगावकर होणार की मुंबईकर, हे न कळता बहुधा कुणीही दहांचाच नियम मागेल. फुकटचे गुण नकोत. तसं जिंकण्यात मजा कसली?

संघ असणं मात्र हवंच. रणजी क्रिकेट स्पर्धेत विदर्भाला स्वतःचा संघ आहे, म्हणून २०१७-१८ चा करंडक नागपूरला गेला. पालघरला तसा संघ नाही; तिथला क्रिकेटपटू शार्दूल ठाकूर लोकलने मुंबई गाठत राहिला आणि मुंबईकडून खेळला.