लवायचे कोणी?

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण ज्याने केली, त्याचे स्वतःचे अंगण चांगले सपाट आणि सारवलेले असले पाहिजे. माझा या म्हणीवर जुना राग आहे. कारण अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते. पण तसे म्हणण्याचा अधिकार फक्त नाचता येणाऱ्याला, आणि त्याचे वाकड्या अंगणातही भागते. म्हणजे अंगणाविरुद्ध तक्रार नोंदवायला जगात कोणी उरतच नाही!

माझ्या भाच्याने मात्र ती नोंदवली. तो गिटार शिकतो. तार छेडायला हातात जो चपटा तुकडा धरतात, त्याला पिक म्हणतात. (पीक शेतातले, पिंक पानाची, आणि पिक हे तिसरे.) आकार साधारण त्रिकोणी, कोपरे झिजलेल्या साबणाच्या वडीसारखे. सतारवाल्यांची नखी बोटात चढवायची असते. ही नखी चिमटीत धरायची. भाचा म्हणाला, "मामा, माझा हात ठीक आहे, पिक चुकीचं आहे." त्याच्या आजीने तत्काळ वरील म्हण त्याच्या अंगावर टाकली. मी त्याला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने खण उघडला. पातळ नखी ०.४६ मिलिमीटर, मधली ०.७३, आणि एक मिलिमीटरपासून पुढे जाड. काही तर इतक्या जाड की त्यांनी दार अडकवून ठेवावे. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे आपल्याला वाटते. पण दिवसाअखेर तेरा पैशांचा फरक आला तर काय बिघडते, असेही लोकांना वाटतेच. रात्री नऊपर्यंत बसलेल्या माणसाला विचारा.

"कसं वाजवतो?" दुकानदाराने विचारले.

"अजून शिकतोय."

"मग पातळ न्या. पातळ पिक माफ करतं."

हे वाक्य ऐकून मी खणापाशी थबकलो. त्याने समजावून सांगितले ते असे. पातळ नखी तारेला लागली की स्वतःच लवते. हात जरा जोरात पडला, तिरका पडला, तरी सहाही तारा साधारण सारख्या वाजतात. गाण्यामागे नुसता ठेका धरायचा तर उत्तम. मात्र आवाजात नखीची स्वतःची फडफड मिसळते. जाड नखी लवत नाही. एकेक सूर ठसठशीत निघतो, पण मनगट ताठ असेल तर तोही ताठपणा ऐकू येतो. नवशिका घाबरून चिमूट आवळतो, तार अडकते, आणि नखी उडून सोफ्याखाली जाते.

मी बी. कॉम. झालेला माणूस. मला यात सरळ दुहेरी नोंद दिसली. तार छेडायची तर कोणीतरी लवलेच पाहिजे. नखी लवली तर मनगटाला सूट. नखी लवली नाही तर ती रक्कम मनगटाच्या नावे पडणार. (संसारातही हाच ताळेबंद चालतो. आमच्या घरी मनगट कोण, ते विचारू नका.)

पण प्रश्न असा की, आपल्या चुका पोटात घालणारे साधन माणसाने घ्यावे, की त्या चव्हाट्यावर मांडणारे? निरोप समारंभात लोक छातीठोकपणे सांगतात, "कडक साहेबाच्या हाताखाली काम शिकलो." मला हे कधीच पटलेले नाही. कडक साहेबाच्या हाताखाली माणूस बहुधा चुका लपवायला शिकतो. चिमूट आवळण्याचाच तो प्रकार. मऊ साहेबाच्या हाताखाली मात्र आपल्याला काम येते असा भ्रम होतो, आणि बदली झाल्यावर तो फिटतो. तेव्हा माफी घ्यावी, पण ती माफी आहे हे कळत असेल तोवर. ती हक्काची वाटायला लागली की नखी बदलायची वेळ झाली. नखी बदलता येते, साहेब बदलता येत नाही, हा संगीताचा मोठाच फायदा!

या जमाखर्चात तिसरेही एक खाते आहे. पूर्वी सगळ्यात सुरेल नखी कासवाच्या पाठीची मानत. हॉक्सबिल नावाचे समुद्री कासव, त्याच्या कवचाची. लवायची तेवढीच लवे, झिजायची हळूहळू. वादक आणि नखी दोघांचे जमले, आणि खर्च कासवाच्या नावे पडला! १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये डी'अँड्रिया नावाच्या माणसाने सेल्युलॉइडच्या नख्या काढल्या आणि कासवाचा भार थोडा हलका झाला. पुढे १९७७ पासून या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापारच बंद करण्यात आला. तरी जुन्या नखीचा सूर आठवून हळहळणारे आहेत. त्यांना मी नावे ठेवत नाही. सूर खरोखरच गोड असेल. आपल्याला अगदी मानवणाऱ्या कितीतरी गोष्टींची पाठ कोणाची, हे आपण तरी कुठे विचारतो?

आपल्या सरोदियांनी हा प्रश्न फार शहाणपणाने सोडवला आहे. सरोदाचा जवा करवंटीचा करतात. घासून घासून आपल्या हाताजोगा करायचा. खोबऱ्याची चटणी झाली, करवंटीचा मालकंस झाला. नारळाची तक्रार नाही.

आणि नखीच नको म्हणणाराही एक निघाला. अमेरिकेतला वेस माँटगोमेरी दिवसा नोकरी करी आणि रात्री गिटार घेऊन बसे. नखीने आवाज मोठा होतो, शेजाऱ्यांची झोप मोडते, म्हणून तो नुसत्या अंगठ्याने वाजवू लागला, असे सांगतात. त्या मऊ आवाजानेच त्याचे नाव झाले. चाळीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट सांगताना गहिवरून येते. आमच्याकडे शेजाऱ्यांसाठी कोणी रेडिओसुद्धा बारीक केल्याचे मला आठवत नाही.

पण माझा खरा जीव जडला तो 'क्वीन'च्या ब्रायन मेवर. हा गृहस्थ इंग्लंडच्या जुन्या सहा पेनीच्या नाण्याने गिटार वाजवतो. नाणे लवत नाही, सगळे मनगटानेच करायचे. कडेच्या दात्यांनी सुराला थोडी खरखर येते, ती त्याला हवी असते. १९८० साली ते नाणे चलनातून गेले. १९९३ साली त्याच्या दौऱ्यासाठी तिकडच्या सरकारी टांकसाळीने मुद्दाम सहा पेनीची नाणी पाडून दिली!

ही हकीकत मी भाच्याला सांगितली मात्र, त्याने आजीच्या डब्यातून जुनी पावली शोधून काढली. २०११ साली बाद झालेली. आकार जवळजवळ सहा पेनीएवढाच. पण ती स्टीलची, गिटारच्या ताराही स्टीलच्या. दोघेही माघार घेईनात. तिसऱ्या दिवशी सगळ्यात बारीक तार तुटली. पावलीला ओरखडाही नव्हता. मी उलटून पाहिली, तर मागे गेंडा.