दुसऱ्याच्या अंगणातली रोषणाई

दुसऱ्या धर्माच्या सणाची रोषणाई पाहायला बायकामुलांना घेऊन जावं की नाही, हा प्रश्न वरवर फार लहान वाटतो. पण डिसेंबर उजाडला की आपल्या घराघरांतून तो निघतो आणि दोन तट पडतात. एक म्हणतो, यानं ईमानाला धक्का लागतो. दुसरा म्हणतो, दिवे पाहण्यात कसलं आलंय ईमान? आम्हांला वाटतं, दोघेही अर्धीच गोष्ट बोलतात.

आम्ही डोलवीचे. पेण तालुक्यातल्या या गावाला दिव्यांचं अप्रूप नाही. पोलाद कारखान्याच्या उजेडानं धरमतर खाडीचा काठ रात्रभर जागा असतो. तरी गेल्या नाताळात मुलांनी हट्ट धरला आणि आम्ही सहकुटुंब वडखळ, अलिबाग, रेवदंडा करत खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईच्या चर्चची रोषणाई पाहायला गेलो. नुसता उजेडच पाहायचा असता, तर घराची खिडकी पुरेशी होती. माणूस इतक्या लांब जातो, तो हा उजेड कोणी आणि कशासाठी केला आहे, ते पाहायला. म्हणून ‘नुसते दिवे’ म्हणून हा प्रश्न उडवून लावता येत नाही.

कोर्लईचा इतिहास तसा लढाईचा. इथला डोंगरी किल्ला पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. पुढं १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे गेलं, पोर्तुगीज निघून गेले. गावातले ख्रिस्ती मात्र इथंच राहिले. पोर्तुगीज शब्दांवर उभी असलेली त्यांची घरगुती बोली आजही जिवंत आहे. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. घरी एक भाषा आणि बाजारात दुसरी, हे उर्दू माध्यमात शिकवणाऱ्या आम्हांला कोणी समजावून सांगायला नको. आणि आपण सगळेच ज्याला सहज ‘नाताळ’ म्हणतो, तो शब्दही पोर्तुगिजांचाच. सण त्यांचा राहिला, शब्द मात्र सगळ्यांचा झाला.

चर्चच्या आवारात गवताचा गोठा मांडला होता. आमच्या धाकट्यानं विचारलं, “यात खजुराचं झाड कुठं आहे?” सूरह मरियममधली हकीकत त्याला ठाऊक होती. प्रसूतीच्या कळा सोसत हजरत मरियम खजुराच्या बुंध्याशी येतात, ती. आम्ही त्याला सांगितलं, त्यांच्या ग्रंथात गोठा आहे, आपल्या ग्रंथात खजूर आहे. ते हजरत ईसांना देवाचा पुत्र मानतात, आपण अलैहिस्सलाम म्हणून पैगंबर मानतो. हा फरक मोठा आहे आणि तो पुसायचा नाही. तो मुलाला तिथं उभं राहून जितका स्पष्ट कळला, तितका घरी बसून कळला नसता. आम्ही वर्गात हबशाच्या हिजरतीचा धडा शिकवतो. मक्केत छळ झालेल्या मुसलमानांना नजाशी या ख्रिस्ती राजानं आसरा दिला, हजरत जाफर यांनी त्याच्या दरबारात सूरह मरियम ऐकवली, हे मुलं घडाघडा सांगतात. पण त्यांतल्या कितींनी ख्रिस्ती माणसाचं अंगण पाहिलं आहे?

आपले अनेक उलमा परधर्मीयांच्या धार्मिक विधीत भाग घेऊ नये असं सांगतात. आम्हांला ते मान्य आहे. आम्ही फतवा देणारे नव्हे. प्रार्थना सुरू झाली तेव्हा आम्ही बाहेर आलो, मेणबत्ती लावली नाही. पण विधीत न बसणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या दारावरून मान वळवून जाणं वेगळं. पेणच्या रस्त्यानं जाताना गणपतीचे कारखाने वर्षभर दिसतात. तिथं कोणी डोळे मिटून घेत नाही आणि कोणाचं ईमानही जात नाही.

आम्हांला खरी काळजी दुसरीच वाटते. पाहुणा म्हणून गेलेला माणूस मालकासारखा वागू लागतो. कोणी डोळे मिटून दुआ मागत असावं आणि आपण त्याच्यासमोर मोबाइल धरून फोटो काढावेत, यात त्याच्या इबादतीचा तमाशा होतो. हजरत उमर जेरुसलेमला गेले तेव्हा नमाजाची वेळ झाली, पण त्यांनी तिथल्या मोठ्या चर्चमध्ये नमाज पढली नाही, असं सांगतात. आपण इथं नमाज पढलो तर उद्या आपली माणसं या जागेवर हक्क सांगतील, ही त्यांची भीती होती. शहर ताब्यात असूनही दुसऱ्याची जागा दुसऱ्याचीच ठेवण्याची ही तहजीब आहे. चर्चच्या दारात ईमान सांभाळायचं ते असं.

आपल्या दर्ग्यांच्या उरुसालाही रोषणाई होते. ती पाहायला आलेल्या शेजाऱ्यानं कसं वागावं असं आपल्याला वाटतं, ते प्रत्येकानं मनाशी ठरवावं. दुसऱ्याच्या अंगणात जाताना तेवढं सोबत न्यावं.