शिकवणी सुटावी म्हणून

शिकवणी करणाऱ्या माणसाकडे समाज थोड्या संशयानेच पाहत आला आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात दोन नाट्याचार्यांचे श्रेष्ठत्वावरून भांडण जुंपते, आणि त्या भांडणात एक आचार्य केवळ पोटासाठी विद्या वापरणाऱ्याला ज्ञानाचा व्यापारी ठरवून मोकळा होतो. गंमत अशी की, हे म्हणणारा आचार्य स्वतः राजाचे वेतन घेतच असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेतील शिक्षकाला खाजगी शिकवण्या करण्यास मनाई केली आहे. वर्गात हातचे राखून घरी विकण्याचा मोह होऊ नये, हे त्यामागचे शहाणपण कोणालाही पटेल.

मी शाळेत शिक्षक नाही. तेव्हा कायद्याचा धाक मला नाही. परंतु आधी शिरूरला आणि मग दौंडला, एका वेळी एकच मूल समोर बसवून गणित शिकवीत असताना एक प्रश्न माझ्या मागे लागला तो लागलाच. मुलाच्या ज्या गरजेवर माझी चूल पेटते, ती गरज संपविणे हेच जर माझे काम असेल, तर ते मी मनापासून करतो का?

एकट्या मुलाला शिकविण्यात सामर्थ्य मोठे आहे. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८४ साली असे मांडले की, स्वतंत्रपणे शिकविलेले सर्वसाधारण मूल वर्गात शिकणाऱ्या सुमारे ९८ टक्के मुलांच्या पुढे जाते. पुढच्या संशोधकांना एवढा मोठा फरक सहसा आढळला नाही. तरी फरक आहे, हे कोणी नाकारीत नाही. मात्र जे हत्यार इतके धारदार, ते जपूनच धरले पाहिजे.

शिरूरला रांजणगावच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा माझ्याकडे होता. माझ्यासमोर त्याचे एकही उदाहरण चुकत नसे, आणि सहामाहीत मात्र तो नापास झाला. त्याचे वडील मला म्हणाले, "सर, तुम्ही शेजारी असलात की त्याला सगळं येतं बघा!" ते बिचारे कौतुकाने बोलत होते. मी मात्र चपापलो. तो चुकणार अशा जागी माझी पेन्सिल आपोआप कागदावर टेकत असे, माझी भुवई किंचित वर जात असे. मुलगा गणित वाचीत नव्हता, माझा चेहरा वाचीत होता. हे मला त्याच दिवशी उमगले. तरीही वडिलांनी पुढच्या वर्षाबद्दल विचारले तेव्हा मी काहीही न बोलता होकार दिला. त्या वर्षीची फी आजही माझ्या मनात कर्जासारखी आहे.

दौंडला रेल्वेच्या वसाहतीतला एक मुलगा आला. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असे त्याने बेधडक लिहिले. पूर्वीचा मी असतो तर छेद समान करण्याची रीत घोकून घेतली असती. या वेळी विचारले, "हे कसं काढलंस?" तो म्हणाला, "दोन गोट्यांतली एक उडवली, मग तीनांतली एक उडवली. म्हणजे पाचांतल्या दोन झाल्या ना?" बोलणे खोटे नव्हते, फक्त तो हिशेब गोट्यांचा होता, अपूर्णांकांच्या बेरजेचा नव्हता. मी म्हटले, "आईने अर्धी भाकरी वाढली. मग आणखी एक तृतीयांश वाढली. आता ताटात अर्धीपेक्षा जास्त की कमी?" तो हसला, "जास्त." मग स्वतःच्या उत्तराकडे पाहून गप्प झाला, दोन पंचमांश म्हणजे तर अर्ध्याहूनही कमी! ते गप्प बसणे बराच वेळ चालले, आणि त्यात तोंड न घालणे हे मला त्या दिवशीचे सर्वांत अवघड काम वाटले. अखेर भाकरीचे सहा तुकडे त्याने स्वतःच केले.

प्रत्येक मुलाची चूक वेगळी, आणि बहुतेक चुकांच्या पोटात एखादा खरा विचार दडलेला असतो. तो शोधण्याची सवड वर्गातल्या शिक्षकाला क्वचितच मिळते. मला मिळते, आणि माझ्या फीचे समर्थन असलेच तर एवढेच. त्या मुलाला उदाहरण देऊन मी पुढे खिडकीकडे तोंड करून उभा राहू लागलो. चेहरा दिसला नाही की तो कागदाकडे पाही.

अर्थात मुलाला घाईने सोडून देणे हाही अपराधच. काही मुलांना खरोखरच दोन-दोन वर्षे सोबत लागते, आणि 'स्वावलंबन' हा शब्द आपल्या आळसावर पांघरूण म्हणूनही घालता येतो. नेमके केव्हा सोडावे याची रीत मला कोणी शिकविली नाही. पण मुलाने न पाहिलेले उदाहरण माझ्या पाठीमागे सोडविले, आणि ते बरोबर का हे मला समजावून सांगितले, म्हणजे माझी वेळ झाली असे मी समजतो.

दौंडच्या त्या मुलाने असे तीन आठवडे केले. मी त्याच्या आईला सांगितले की पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. ती घाबरून म्हणाली, "सर, काही चुकलं का त्याचं?"

"नाही, ताई. आता त्याचं त्याला येतं."

ती क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. आपण होऊन शिकवणी सोडणारा मास्तर तिने बहुधा पाहिला नसावा. मनातल्या मनात पुढच्या महिन्याच्या किराण्याचा हिशेब करीत मीही तो पहिल्यांदाच पाहत होतो.