रिकामी खुर्ची

गणपती जवळ आले की दरवर्षी स्मरणिकेच्या संपादकांचा फोन येतो आणि मी मधुमेह, कोलेस्टेरॉल किंवा गुडघेदुखी यांपैकी एक विषय घेऊन चार पाने लिहून देतो. यंदा मात्र फोनवर पहिलेच वाक्य आले, "डॉक्टर, या वेळी आजार नको हं!" तेव्हा म्हटले, बरीच वर्षे मनात घर करून बसलेली एक गोष्ट लिहून टाकावी. आजार तिच्यातही आहेच, त्याला माझा नाइलाज आहे.

गोष्ट आहे स्कूल बोर्डाच्या निवडणुकीची. आपल्यापैकी बहुतेकांना इथे येताना अमेरिकेची निवडणूक म्हणजे राष्ट्राध्यक्षाची, एवढेच ठाऊक होते. मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा कळले की आपल्या खिशाशी खरा संबंध या छोट्या निवडणुकीचा आहे. न्यू जर्सीत बोर्डाच्या सभासदाला पगार नाही, मुदत तीन वर्षांची, मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नाही. पण आपण भरतो त्या प्रॉपर्टी टॅक्सचा निम्म्याहून अधिक भाग राज्यभरात शाळांकडेच जातो. पूर्वी ही निवडणूक एप्रिलमध्ये व्हायची आणि फारसे कोणी फिरकायचे नाही. २०१२ साली कायदा बदलला आणि बहुतेक गावांनी ती नोव्हेंबरात नेली. तेव्हापासून नवरात्र-दिवाळीच्या सुमारास आपल्या टपालपेटीत चकचकीत पत्रके येऊ लागतात. एकात उमेदवार सहकुटुंब, कुत्र्यासह हसत असतो. दुसऱ्यात त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा काळपट केलेला फोटो असतो आणि खाली लाल अक्षरे.

पत्रकबाजी आपल्याला नवीन नाही म्हणा. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी नगरपालिकेच्या निवडणुकीत मतदानाच्या आदल्या रात्री दाराखालून निनावी पत्रक सरकायचे. अमक्याची दुसरी बायको, तमक्याने देवस्थानच्या जमिनीत काय केले, असा मजकूर. वडील ते उचलायचे, "शी! काय ही पातळी!" म्हणायचे आणि सकाळी बंबात घालायचे. मात्र आधी अथपासून इतिपर्यंत वाचून. चष्मा लावून.

इथे आपण त्याच्या दुसऱ्या टोकालाही उभे राहिलो आहोत. २०१७ साली एडिसनमध्ये स्कूल बोर्डाला उभ्या असलेल्या फाल्गुनी पटेल आणि जेरी शी यांच्या फोटोंवर 'डिपोर्ट' असा शिक्का मारलेली पत्रके घरोघर आली. त्याच सुमारास होबोकनमध्ये महापौरपदाचे शीख उमेदवार रवी भल्ला यांना दहशतवादाशी जोडणारे पत्रक गाड्यांच्या काचांवर लावलेले सापडले. भल्ला त्याच निवडणुकीत निवडून आले, ही समाधानाची गोष्ट. त्या आठवड्यात आपल्या मंदिरात आरतीनंतर दुसरा विषय नव्हता. सगळे संतापलो होतो आणि संताप रास्तच होता. अशा पत्रकांबद्दल नैतिक चर्चा करण्यासारखे काही नाहीच, विष ते विष.

मला लिहायचे आहे ते वेगळ्या पत्रकाबद्दल. त्यात शिवी नव्हती, जात-धर्म नव्हता, खाली पैसे देणाऱ्या समितीचे नाव होते आणि खजिनदार म्हणून माझे.

(पुढच्या प्रसंगात ज्यांचा संबंध आहे त्या गृहस्थांची परवानगी घेतली आहे. तरीही ओळख पटू नये म्हणून गाव आणि साल लिहीत नाही, आणि एकदोन तपशील बदलले आहेत.)

आमचे एक स्नेही बोर्डाला उभे राहिले. माणूस अभ्यासू, गणिताच्या अभ्यासक्रमाबद्दल तळमळ असलेला. मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही खजिनदार व्हा. तुमच्या नावावर लोकांचा विश्वास आहे." मीही फुशारलो आणि हो म्हटले. खरे तर तिथेच थांबायला हवे होते, कारण ज्यांच्या जागेसाठी ते उभे होते ते जुने सभासद माझे पेशंट होते. पण एवढ्याशा गावात पेशंट कोण नाही, असे मी स्वतःला समजावले.

ऑक्टोबरात त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आम्ही पाचसहा जण बसलो होतो. चहा, चिवडा आणि प्रचाराचे काम घेतलेला एक तरुण अमेरिकन. त्याने पत्रकाचा नमुना पुढे ठेवला. सभागृहातली एक रिकामी खुर्ची, आणि मजकूर असा: वर्षभरातल्या चोवीस सभा, नऊ वेळा गैरहजर, तुमच्या मुलांपेक्षा त्यांना काय महत्त्वाचे वाटते?

ते नऊ वेळा कुठे होते, हे त्या टेबलाशी मला एकट्याला माहीत होते. त्यांचे उपचार चालू होते. कसले ते इथेही लिहीत नाही. त्यांनी ते बोर्डात कोणाला सांगितले नव्हते, थोरल्या मुलीलासुद्धा फार उशिरा सांगितले.

मी म्हटले, "हे राहू द्या. नको पाठवायला."

"का? यात खोटं काय आहे?"

"खोटं काही नाही."

"मग?"

या "मग?"ला मला उत्तर देता येईना. "कारण आहे, पण सांगता येत नाही" एवढे जरी म्हटले असते तरी संपले होते. गावातल्या डॉक्टरला सांगता न येणारे कारण काय असते हे शेंबडे पोरही ओळखेल. १९९६ च्या हिपा कायद्याचे सोडा, तो नसता तरी मी तोंड उघडले नसते. मिरजेला मेडिकलच्या पहिल्या वर्षापासून आमच्या हाडीमाशी भिनलेली गोष्ट आहे ती. मी चहाच्या कपात बघत बसलो. आमचे स्नेही म्हणाले, "डॉक्टर जरा मऊ मनाचे आहेत." सगळे हसले. छपाई आणि टपालखर्चाच्या चेकवर मी सही केली.

पत्रक आमच्याही घरी आले. सौ.ने टपाल काढता काढता पाहिले आणि म्हणाली, "अहो, हा माणूस आजारीबिजारी तर नव्हता ना? कोणी विचारलं तरी का त्याला?" तिला काहीच माहीत नव्हते. मी तिलाही उत्तर देऊ शकलो नाही.

आमचे स्नेही दोनशेहूनही कमी मतांनी निवडून आले. त्या पत्रकामुळे की गणितामुळे, हे देव जाणे.

त्यानंतर मी या प्रश्नाचा वकिलासारखा अभ्यास केला. मन खात असले की माणूस कायदा वाचतो. भारतातल्या निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिता सांगते की टीका धोरणांवर, कार्यक्रमावर, पूर्वीच्या कामावर करा. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर करू नका. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे छापणे हा भ्रष्ट आचार आहे आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. अमेरिकेचा कल उलटा. १९६४ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन' खटल्यापासून सार्वजनिक पदावरच्या माणसाला बदनामीचा दावा जिंकायचा तर, खोटे आहे हे माहीत असून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापले, हे सिद्ध करावे लागते. ओहायोतल्या मार्गारेट मॅकइंटायर नावाच्या बाईंनी १९८८ मध्ये शाळेच्या करवाढीविरुद्ध काही निनावी पत्रके वाटली म्हणून त्यांना शंभर डॉलर दंड झाला होता. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९५ मध्ये न्यायालयाने निनावी पत्रकाचा हक्कसुद्धा मान्य केला. तोवर बाई वारल्या होत्या. दुर्बळ माणसाला सत्तेविरुद्ध बोलायला कधी कधी निनावीपणाच लागतो, हा त्यामागचा विचार मला पटतोही.

आमचे पत्रक घेऊन मी या दोन्ही दारांतून गेलो. भारतीय आचारसंहितेत हजेरी हे 'काम'च, पास. अमेरिकन कायद्यात तर प्रश्नच नाही. आणि खरे सांगायचे तर मतदाराला हजेरी कळायलाच हवी. उद्या एखादा सभासद खरोखरच सभा बुडवून गोल्फ खेळत असेल आणि "नकारात्मक प्रचार नको" म्हणून सगळे गप्प बसले तर तीही फसवणूकच. आपल्या सुसंस्कृत मंडळींत हा दोष फार आहे. तोंडावर कोणाला वाईट म्हणायचे नाही, आणि पार्किंग लॉटमध्ये सगळे बोलायचे. (आपल्या कार्यकारिणीच्या निवडणुकीबद्दल मी काही लिहीत नाही, संपादकांनी पाने मोजून दिली आहेत.)

मग चुकले कुठे? मला उत्तर सापडले ते कायद्यात नव्हे, मिरजेच्या वॉर्डात. इंटर्नशिपमध्ये क्षयरोगाच्या रजिस्टरमध्ये मी एका पेशंटपुढे 'डिफॉल्टर' असे लिहिले. औषधे अर्ध्यावर सोडलेल्यांसाठी तेव्हा सरकारी शब्दच तो होता. आमच्या सरांनी विचारले, "आला नाही हे तू पाहिलंस. कसूर केली हे कुठून आणलंस?" चौकशी केली तर तो बीडकडचा ऊसतोड कामगार निघाला. कारखान्याचा हंगाम संपला, टोळी गावी परतली, त्याच्याबरोबर तोही गेला. रजिस्टरमध्ये कारणाचा रकानाच नव्हता. पुढे २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द काढून 'पाठपुरावा तुटलेला' अशा अर्थाचा शब्द घातला, तेव्हा मला सरांची आठवण झाली. इथेही आम्ही डॉक्टर 'नॉन-कम्प्लायंट' असे सहज लिहून टाकतो आणि मग कळते की त्या बाईंना इन्शुलिन परवडत नव्हते.

'नऊ वेळा गैरहजर' हे पाहिलेले होते. 'मुलांपेक्षा काय महत्त्वाचे' हे आम्ही आणलेले होते. टेबलाभोवतीच्या बाकीच्यांसाठी तो अंदाज होता. न विचारता केलेला, आळशी, पण अंदाज. मला मात्र तो अंदाज चुकीचा आहे हे पक्के ठाऊक होते. म्हणजे त्याच कागदावर बाकीच्यांची हलगर्जी होती आणि माझा खोटेपणा. युधिष्ठिराची गोष्ट आपण मुलांना सांगतो. शब्द खरे होते, पण द्रोणांना काय वाटेल हे त्याला माहीत होते, म्हणून त्याचा रथ खाली टेकला. रणांगणावर इतर लोक याहून मोठे खोटे बोलले असतील. त्यांचे रथ आधीच जमिनीवर होते, एवढेच.

गुपित न फोडता मला काय करता आले असते याचा विचार मी पुष्कळ केला. आकडा ठेवा आणि प्रश्न काढा, असे म्हणता आले असते. छापण्याआधी त्यांना एक फोन करा, असे म्हणता आले असते. त्याला डॉक्टर असण्याची गरज नव्हती, सौ.ला ते टपाल काढता काढता सुचले. खजिनदारपद सोडता आले असते, जरी ऐन ऑक्टोबरात सोडल्यावर लोकांनी तर्क केलेच असते. यातले काहीही सुचले नाही असे नाही. सगळे मला 'मऊ' म्हणून हसले, आणि मला मऊ दिसायचे नव्हते.

जानेवारीत ते गृहस्थ तपासणीला आले. मी रक्तदाब घेतला, रिपोर्ट समजावले. निघताना कोट चढवताना म्हणाले, "फोटो छान होता. फक्त ती आमची खुर्ची नव्हे. आमच्या खुर्च्यांना हात आहेत." बस, इतकेच. अजूनही ते माझ्याकडेच येतात.

हा लेख लिहायचा ठरल्यावर मी त्यांना फोन करून परवानगी मागितली. ते म्हणाले, "जरूर लिहा. पण नऊ नव्हे, आठ. एक सभा बर्फामुळे रद्द झाली होती."

आम्ही कॅलेंडरवरच्या सभा मोजल्या होत्या आणि त्यातून त्यांची हजेरी वजा केली होती. त्या रात्री मी बोर्डाची जुनी इतिवृत्ते काढून बसलो. फेब्रुवारीतली दुसरी सभा झालीच नव्हती.